पेर्सिदाच्या दारचं फाटक

पेर्सिदाला टीव्हीवर बघितलेले लोक मला दोनच गोष्टी विचारतात. ती अजून घरी स्वयंपाक करते का, आणि फोटोत दोन्ही हात पोटाशी असे घट्ट धरून का उभी असते. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, तिला करू देत नाहीत. दुसऱ्याचं सांगायला जरा बसावं लागेल.

मी तिची कुमा. तिच्या लग्नात माझा नवरा, देव त्याला सुखी ठेवो, साक्षीला उभा होता, आणि तिच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती माझ्या हातांवर होती. आमच्यात कुमाचं नातं रक्ताच्या वर धरतात. सख्ख्या बहिणीशी भांडलेलं चालतं, कुमाशी भांडणं म्हणजे पाप. म्हणून आम्ही दोघी कधी भांडलो नाही, नुसत्या रुसत आलो.

ती आमच्याच व्रेलिश्ते गावची. बाप दुधाची गाडी चालवायचा, स्तारा प्लानिना डोंगराच्या उतारावरची सगळी गावं पहाटे फिरायचा, आणि ही बिनआईची पोर शेजारच्या सीटवर. कुठल्या घरी कुठला कुत्रा आहे आणि कुठली म्हातारी दुधात पाणी घालते, हे तिला शाळेत जायच्या आधी पाठ होतं. मोठी झाल्यावर निश शहरात बालवाडीत शिक्षिका झाली. लग्न केलं ते गावातल्याच ब्लागोयेच्या मुलाशी, नेगोवानशी. तो पाण्याच्या नळांचा इंजिनिअर. मुलगा गरीब स्वभावाचा, बोलणं कमी. एका साली पूर आला आणि शहराला प्यायचं पाणी त्याच्यामुळे मिळालं, तेव्हा नाव झालं. पुढे दोन मोठे पक्ष एकमेकांच्या नरड्याला लागले होते आणि दोघांनाही ज्याचा राग येत नाही असा माणूस पाहिजे होता. शोधता शोधता हा सापडला. राष्ट्राध्यक्ष झाला. गावातला म्हातारा बुदिमिर म्हणाला, "चला, आता तरी आपल्या नळाला पाणी येईल." अजून आलेलं नाही.

हे झालं त्याचं. तिचं काय झालं? तिला कुणी कामावर घेतलं नाही आणि कामावरून सोडतही नाहीत. पगार नाही, रजा नाही. दवाखान्यातल्या नव्या विभागाची फीत कापायची, अनाथ मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायचा, पण फोटो निघेपर्यंतच. पाहुणे आले की नवऱ्याच्या अर्धं पाऊल मागे उभं राहायचं. बालवाडीत ती वाकून, बसून, रांगून दिवस काढायची. इथे सांगितलं, पाठ ताठ.

पहिल्याच शरदात एक मोठा समारंभ होता. कुठल्याशा देशाचा म्हातारा राजदूत जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा, आणि त्याच्या बुटाची नाडी सुटलेली. पेर्सिदाने पाहिलं मात्र, खाली बसली आणि नाडी बांधून टाकली. पोरांना बांधतात तशी, दुहेरी गाठ मारून. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो. खाली लिहिलेलं, देश कुणापुढे वाकला बघा. शिष्टाचार सांभाळणारी एक बाई तिथे असते, एवगेनिया तिचं नाव. ती म्हणाली, "मॅडम, आपण असं वाकायचं नसतं."

"अहो, पण ते पडले असते."

"पडू द्यायचं. त्यांना धरायला त्यांची माणसं असतात."

तेव्हापासून ती हात असे धरते. दुसऱ्या हाताने पहिला पकडून ठेवते, सुटू नये म्हणून.

आता खरी गोष्ट. आम्हा सर्बांच्यात प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, आणि त्या संताचा दिवस म्हणजे त्या घराची स्लावा. ब्लागोयेच्या घराची संत पेत्का, ऑक्टोबर संपता संपता येते. सकाळी मोठी मेणबत्ती लावायची, ती दिवस मावळेपर्यंत जळत राहिली पाहिजे. पाद्रीबाबा येऊन स्लावेचा पाव कापतात. घरधनी दिवसभर बसत नाही, उभ्याने पाहुण्यांना वाढतो. घरधनीण दाराशी ताटली घेऊन उभी, त्यात साखर आणि अक्रोड घालून शिजवलेले गहू. येणाऱ्याने चमचाभर तोंडात टाकायचे, क्रूसाची खूण करायची, आणि आत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुणाला बोलवायचं नाही. ज्याचं त्या घरी येणं आहे तो आपणहून येतो, बाप यायचा म्हणून मुलगा येतो. बोलावणं केलं तर त्याचा अर्थ एवढाच होतो की बाबा रे, तू काही आपणहून येण्यातला नाहीस.

ब्लागोये होता तोवर ही स्लावा गावातच व्हायची. तो गेला. बाप गेला की स्लावा मुलाच्या घरी जाते, आणि मुलगा तर राजधानीत, झाडांमागच्या त्या पांढऱ्या घरात. पायांनी अधू झालेल्या रुमेनाला, म्हणजे पेर्सिदाच्या सासूला, त्यांनी तिकडेच नेलं होतं. रुमेना जाताना संताची तसबीर मांडीवर घेऊन गाडीत बसली, आणि मला म्हणाली, "यागोदा, मेणबत्ती लागली आणि दारात कुणी आलं नाही, तर ते घर विझलं म्हणायचं. मी बघणार आहे, घर विझलेलं बघायला नेतायत की काय मला."

हे ती सुनेसमोर म्हणाली. सून हात धरून उभी.

पेत्का जवळ आली तसा पेर्सिदाचा फोन आला. "कुमा, माझं पीठ फुगत नाहीये."

तिचं पीठ आयुष्यात कधी बसलेलं मी पाहिलेलं नाही. मी पिशवी भरली आणि बस धरली.

त्या घराला मोठं लोखंडी फाटक आहे. मी टॅक्सीतून उतरले, तर ही चपला घालून रस्त्यावर आली होती, मागे दोन दांडगे गडी, आणि फाटक सताड उघडं. मी म्हटलं, "अगं, फाटक तरी लाव, मांजरं शिरतील."

"मी पायी बाहेर असेन तोवर ते लावायचं नसतं," ती म्हणाली. "काही झालं तर मला आत पळता यावं म्हणून. नियम आहे तसा. एवढी एकच गोष्ट माझ्या मर्जीने चालते इथे, कुमा." आणि हसली. हसणं नीट नव्हतं.

आत गेल्यावर तिने मला स्वयंपाकघरात न नेता न्हाणीघरात नेलं आणि नळ सोडला.

"काय गं, कोण ऐकतंय?"

"आई ऐकतील." मग म्हणाली, "मी फार वाईट केलंय. एवगेनियाबाईंनी विचारलं, तुमच्याकडे स्लावेला कोण कोण येतं? सहज विचारलं हो त्यांनी. मला इतक्या दिवसांत कुणी गावचं काही विचारलंच नव्हतं. मी सांगत बसले. बुदिमिरकाका चुलीजवळ बसतात, दुकानातली वेर्का सुपात जास्त मिरी मागते, कोण गातो, कोण रडतो. सगळी नावं सांगितली."

"मग?"

"त्यांनी सगळ्यांना पत्रिका पाठवल्या. सोनेरी कडेच्या."

मी कमोडवरच बसले.

"मला परवा कळलं. त्या बिचाऱ्या खुशीत सांगायला आल्या. म्हटल्या, मॅडम, तुमच्या गावच्यांनाही आपण मानाने बोलावलंय." तिने नळ आणखी सोडला. "आता कुणी येणार नाही ना, कुमा?"

एवगेनिया वाईट बाई नाही. तिचा बाप कम्युनिस्ट पक्षातला मोठा माणूस, त्या काळात त्यांनी घरची स्लावा बंद केली ती केलीच. त्या मुलीने पत्रिका छापून घेतल्या कारण तिला वाटलं, बोलावल्याशिवाय कोण कुणाकडे जातं.

"आईंना सांगू नकोस," पेर्सिदा म्हणाली. "त्या रोज विचारतात, दाराजवळ किती खुर्च्या मांडणार. मी म्हणते, पुष्कळ."

दोन दिवस पावाचं पीठ मळून दिलं आणि मी परत गावाला निघाले. तिने कारण विचारलं नाही. तिला माहीत होतं की मी कुणाला बोलवायला जाऊ शकत नाही. एकदा बोलावून जे बिघडलं ते पुन्हा बोलावून कसं नीट होणार? मी नुसती जाऊन बघणार होते.

वेर्काच्या दुकानात दुपारची मंडळी बसली होती. बुदिमिर पेटीवर बसून पाव चावत होता. ब्लागोयेचा शेजारी हा. दोघं जन्मभर कुंपणावरून भांडले आणि एका दिवसाचंही भांडण दुसऱ्या दिवशी शिल्लक ठेवलं नाही. उभं आयुष्य तो माणूस ब्लागोयेच्या घरात दार न वाजवता शिरला. मला बघून म्हणाला, "आली राजधानीची पाहुणी."

"मी कुठली पाहुणी. पीठ मळायला गेले होते."

"मला पत्र आलं, तुला दाखवायचंय," तो म्हणाला. "पण ते गोठ्यात खिळ्याला लावलंय. गाईने सकाळी वाचलं. तिला जमायचं नाही म्हणते, दूध द्यायचं असतं."

सगळे हसले. वेर्का हसली नाही. तिने गल्ल्याखालून आपली पत्रिका काढली, पुसली आणि वाचून दाखवली. "सोबत ओळखपत्र आणावे. येणार असल्यास तसे आधी कळवावे. कार्यक्रमाची वेळ अकरा ते साडेबारा." मग माझ्याकडे बघितलं. "साडेबाराला, यागोदा? साडेबाराला आमचा बुदिमिर अजून सूप फुंकत असतो."

"आणि मला तर पत्रच नाही," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"तुझं नशीब चांगलं," बुदिमिर म्हणाला. "तुझा अपमान झाला नाही."

"अपमान कसा नाही? सगळ्यांचा केला, माझा करावासा वाटला नाही."

मी साखर मागितली. मला साखर नको होती. मी म्हटलं, "रुमेनाचे पाय फार सुजलेत."

वेर्का साखर तोलू लागली.

"दाराकडे तोंड करून बसते दिवसभर. विचारते, अक्रोड या साली कसे झाले. मी म्हटलं, कुणाच्या अंगणातले गं? म्हणे, बुदिमिरच्या."

बुदिमिरने पाव खाली ठेवला. "तू बोलवायला आलीस की काय आम्हाला?"

"मी कशाला बोलावू? माझी स्लावा आहे का ती?" मी पिशवी उचलली. "मी आपली गुरुवारी पहाटेच्या बसने परत जाणार. बस गिरणीपाशी थांबते, ती सगळ्यांसाठीच थांबते, एवढं मला माहीत आहे."

"बस काय, सरकारची आहे," वेर्का म्हणाली.

"सरकार काय, पेर्सिदाचंच आहे," कोपऱ्यातला म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. पण बुदिमिर हसला नाही. ज्या विषयावर तो माणूस विनोद करतो तो विषय अजून जिवंत असतो. तो गप्प बसला की संपलं म्हणायचं.

गुरुवारी, पेत्काच्या पहाटे, गिरणीपाशी मी एकटीच होते. बस आली. मी मागे वळून वळून बघितलं. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, कुणाची वाट बघतेस का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा," आणि चढले. दुसरं काय म्हणणार. राजधानीला दुपारी पोहोचणारी आणखी एक बस असते, तालुक्याहून सुटणारी. रस्ताभर मी त्या बसचा विचार करत राहिले.

पोहोचले तेव्हा मेणबत्ती लागलेली होती, पाद्रीबाबा पाव कापून गेलेले होते. मोठ्या दालनात मंत्री, त्यांच्या बायका, राजदूत. पत्रिकेबरहुकूम आलेले आणि घड्याळाकडे बघणारे. पेर्सिदा दाराशी ताटली घेऊन उभी, गव्हावर अक्रोडाचा क्रूस काढलेला. कुणी चमचा उलटा धरला, कुणी विचारलं यात किती साखर आहे. नेगोवान नवा सूट घालून उभ्याने वाढत होता, बापासारखाच, डाव्या हाताने बाटली धरून. ते तरी बघून मला बरं वाटलं. साडेबाराला एकाने टाळी वाजवल्यासारखे सगळे उठले आणि गेले. खुर्च्या राहिल्या.

रुमेना तसबिरीखाली बसलेली. म्हणाली, "हे कोण होते?"

"मंत्री होते, आई," पेर्सिदा म्हणाली.

"कुणाचे?"

"आपलेच."

"आपले असते तर जेवले असते," रुमेना म्हणाली. "सुपाचं भांडं बघ जाऊन. तसंच आहे." मग तिने मेणबत्तीकडे पाहिलं. ती अर्ध्यावर आली होती. "गावचे कधी येणार?"

पेर्सिदाने माझ्याकडे पाहिलं. मी रुमालाची घडी घालत होते. ती घडी मी मोडून पुन्हा घातली.

"येतील, आई. रस्ता लांब आहे."

"ब्लागोयेच्या वेळी बर्फ पडलं तरी या वेळेला आलेले असायचे."

त्या म्हातारीने एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं. ती दाराकडे बघायची, मग मेणबत्तीकडे, मग सुनेकडे. पेर्सिदा स्वयंपाकघरात जायची, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला खिमा-भात गरम करून आणायची, टेबलावर ठेवायची, तो निवायचा, ती परत न्यायची. नेगोवान अजून उभाच. मी म्हटलं, "बस रे जरा, कुणी नाहीये." तो म्हणाला, "म्हणूनच उभा आहे, कुमा. मी बसलो तर आईला कळेल."

अशात एवगेनिया टीव्हीवाल्यांना घेऊन आली. ते आधी ठरलेलं होतं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने आपल्या जुन्या चालीरीतींविषयी चार शब्द बोलायचे. पेर्सिदाला तसबिरीपुढे बसवलं, कॉलरला एक बारीक माईक लावला, दिवे लावले. तिने हात पोटाशी धरले आणि सुरू केलं. "स्लावेच्या दिवशी आपल्या घराचं दार..."

तेवढ्यात फाटकावरचा माणूस एवगेनियाच्या कानाशी आला. हळू बोलायला गेला, पण ती खोली चर्चसारखी घुमते, सगळं ऐकू येतं. "बाहेर एक म्हातारा आहे. पत्रिका नाही म्हणतो. नावही सांगत नाही. पोत्यात काहीतरी कडक आहे, तपासू देत नाही."

"थांबवा त्यांना. रेकॉर्डिंग होऊ दे," एवगेनिया म्हणाली. "मॅडम, पुन्हा पहिल्यापासून घेऊया."

पेर्सिदा म्हणाली, "स्लावेच्या दिवशी आपल्या घराचं दार..." आणि थांबली. दिव्यांचा उजेड तिच्या तोंडावर. मला वाटलं आता रडते. तिने कॉलरचा माईक काढून खुर्चीवर ठेवला, ताटली उचलली आणि चालायला लागली.

"मॅडम, पाच मिनिटं," एवगेनिया मागून.

मी तिच्या मागे, एवगेनिया माझ्या मागे, टीव्हीवाला तारांत अडकून तिच्या मागे.

फाटकाच्या गजांपलीकडे बुदिमिर उभा होता. लग्नातला काळा सूट, कोटाचं एक बटण चुकीच्या काजात, हातात पोतं. फाटकावरचा पोरगेला शिपाई घामाघूम झाला होता. "मॅडम, हे नावच सांगत नाहीत."

"ज्याच्या घरी आलोय त्याला माझं नाव माहीत आहे," बुदिमिर म्हणाला. "तुझं काय काम?"

एवगेनिया पुढे झाली. "काका, तुमचं नाव आहे की यादीत. मीच घातलंय. तुम्हाला पत्रिकाही पाठवली होती. नुसतं नाव सांगा, आत या."

"मी त्यावर आलो नाही," तो म्हणाला. "इथून चाललो होतो. म्हटलं, बघावं."

दोनशेहून जास्त किलोमीटर. इथून चालला होता.

पेर्सिदाने गजांमधून ताटली पुढे केली. त्याने हात मागे घेतला. "पोरी, मी दवाखान्यात नाही आणि तुरुंगातही नाही, गजातून खायला." आणि त्याने पोतं खांद्यावर घेतलं. ते वळणं मी पाहिलं. तो खरंच निघाला होता. ब्लागोयेच्या घरच्या स्लावेला तो माणूस फाटकापर्यंत येऊन परत गेला असता, तर ते गावात कुणी विसरलं नसतं, आणि त्याच्यानंतर कुणी आलंही नसतं.

पेर्सिदा शिपायाला म्हणाली, "मला बाहेर जायचंय. पायी."

तो गोंधळला. मागचे दोन दांडगे गडी कोट सावरत धावले. फाटक उघडलं. ती ताटली घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, फाटकाच्या अगदी बाहेर, घरातल्या पातळ चपलांनी. गडी तिच्या दोन्ही बाजूंना. फाटक तसंच उघडं.

"मॅडम, आपण किती वेळ इथे..." एवगेनियाने विचारलं.

"मेणबत्ती संपेपर्यंत," पेर्सिदा म्हणाली.

मग ती बुदिमिरकडे वळली. "उशीर केलात काका. सूप निवलं." ब्लागोये दर वर्षी त्याला हेच म्हणायचा. बुदिमिरने पोतं खाली ठेवलं. चमचा घेतला, क्रूस केला, गहू तोंडात टाकले आणि चावत राहिला. चावायला एवढं काही नसतं त्यात. तेवढ्यात पेर्सिदाने ताटली माझ्या हातात दिली आणि त्याच्या कोटाचं बटण काढून बरोबर काजात घातलं. टीव्हीवाला तोवर तारांतून सुटला होता. त्याने ते घेतलं, आणि तिला ते दिसलंही. तिने वरचंसुद्धा बटण लावून दिलं.

"अक्रोड आहेत," बुदिमिर पोत्याकडे बोट दाखवून म्हणाला. "या साली बारीक झालेत. रुमेनाला सांग, बारीक आहेत पण भरलेले आहेत."

"तुम्हीच सांगा. आत आहेत."

तो उघड्या फाटकातून आत गेला. शिपाई बाजूला झाला. मग समोरच्या फुटपाथवर, झाडाखाली, वेर्का पाठमोरी उभी राहून घरांचे नंबर वाचत असलेली मला दिसली. तिच्या पलीकडे तो कोपऱ्यातला, ज्याला पत्रिका नव्हती. आणखी कितीतरी जण, सगळे एकमेकांना ओळखत नसल्यासारखे. दुपारच्या बसने आले होते आणि म्हाताऱ्याला पुढे घालून काय होतं ते बघत होते. एकेक करून रस्ता ओलांडू लागले. वेर्का चमचा तोंडात घालून म्हणाली, "इथूनच चालले होते."

"कळलं," पेर्सिदा म्हणाली.

ती दिवस मावळेपर्यंत तिथेच उभी होती. आत आली असती तर फाटक लावलं असतं. मी लोकरीचे मोजे नेऊन दिले, ते तिने रस्त्यावरच एका पायावर उभं राहून घातले. जाणारे-येणारे थांबायला लागले. कुणी ओळखून, कुणी न ओळखता, एक चमचा घ्यायचे आणि जायचे, काही तर आतही गेले. शिपायालाही तिने चमचा दिला. एवगेनिया बराच वेळ बाजूला उभी होती. शेवटी तिने विचारलं, "मी घेतले तर चालतील? आमच्याकडे स्लावा नसते." पेर्सिदा म्हणाली, "आज कुणाला विचारतात का." आपल्या घरच्या स्लावेचं टेबल पेर्सिदाने त्या दिवशी एकदाही भरलेलं पाहिलं नाही.

मी पाहिलं. बुदिमिरने चूल शोधली, सापडली नाही, म्हणून रेडिएटरजवळ बसला. वेर्काने मिरी मागितली. नेगोवान उभ्याने वाढत होता. मेणबत्ती बोटभर उरली तेव्हा रुमेनाने विचारलं, "सून कुठाय?"

"दारात आहे."

"मग बरोबर," ती म्हणाली, आणि बुदिमिरचे अक्रोड फोडायला घेतले.

जाताना बुदिमिरने फाटकावरच्या पोराचा खांदा धरला. "हे तोंड नीट बघून ठेव. पुढच्या साली मला काही विचारायचं नाही."

हे मागच्या वर्षीचं. पेपरात बटणाचा फोटो आला, खाली काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही, वेर्का वाचायला लागली तेव्हा मी दुकानातून निघाले. पण त्या पोराला तिथून हलवलं म्हणतात. आणि पेर्सिदा गेल्या आठवड्यात फोनवर सांगत होती की आता नियम बदललाय, तिने पायी बाहेर जायचंच नाही, गाडीनेच. "मग फाटक?" मी विचारलं. ती म्हणाली, "कुमा, येतील का गं?"

ते विचारायचं नसतं, तिलाही माहीत आहे. रुमेना अंथरुणाला लागलीय, पण तसबीर दाराकडे तोंड करून ठेवायला लावलीय.

पेत्का या आठवड्यात आहे. काल मी दुकानात जाऊन नको असलेली साखर घेऊन आले, बसचं काही बोलले नाही. येताना बुदिमिरच्या अंगणावरून आले. काळा कोट दोरीवर वाळत घातलेला होता, बटणं सगळी लावून. तो अक्रोड निवडत बसला होता. मला बघून त्याने पोतं पायाने मागे सरकवलं आणि म्हणाला, "काय बघतेस? बाजारात न्यायचेत."

मी म्हटलं, "बरं," आणि पुढे झाले.